घरातले चार्जर कमी कसे करायचे : हर्णै बंदरावरच्या काउंटरवरून

गणपतीच्या दोन दिवस आधी वाडीतल्या एक वैनी दुकानात आल्या आणि त्यांनी किराण्याची पिशवी काउंटरवर उपडी केली. नुसते चार्जर आणि वायरी. एकमेकांत गुंतलेल्या, काहींवर उदबत्तीची राख, चार्जरच्या एका डबीतून (प्लगमध्ये जातो तो ठोकळा) तर मुंग्या निघाल्या. "भाऊ, परवा मुंबईवाले उतरतील. चौदा माणसं. ओटीवर प्लग दोन. दरवर्षी आरतीपेक्षा चार्जरचा गजर मोठा. यातलं ठेवू काय न् टाकू काय, तेवढं सांगा."

मोजले तर तेवीस नग. त्यातले चौदा चालू निघाले. आणि घराला खरोखर लागत होत्या तीन डब्या आणि पाच वायरी. हा हिशेब कसा लावला ते लिहितो, म्हणजे तुम्हाला पिशवी घेऊन यायला नको. एकोणीस वर्षं मोबाईल दुरुस्तीत आहे. गिऱ्हाईक कमी होईल ही भीती नाही. खाऱ्या हवेला माझी काळजी आहे.

आधी चार्जर बघूच नका. घरात चार्ज होणारी जेवढी उपकरणं आहेत ती सगळी एका चटईवर मांडा आणि त्यांची भोकं बघा. माणसं उलटं करतात, चार्जर हातात घेऊन "हा कशाचा होता बरं" म्हणत घरभर फिरतात. उपकरणं मांडताना फोनाशिवायचं विसरू नका : दाढीचं ट्रिमर, गळ्यातला नेकबँड, बॅटरी (म्हणजे टॉर्च), आजोबांचं बीपी मशीन, पोरांचा स्पीकर. वैनींच्या घरची यादी करायला मी त्यांना परत पाठवलं. तासाभरात वहीचा कागद आला : सी पिनेची (म्हणजे यूएसबी-सी, कशीही उलटसुलट बसणारी) अकरा उपकरणं, चपट्या मायक्रो पिनेची चार (आम्ही दुकानदार तिला व्ही-एट म्हणतो), पुतण्याचा आयफोन जुन्या पिनेचा, आणि आजोबांचा बारीक गोल पिनेचा कीपॅडवाला फोन. शिवाय वायफायचा राउटर.

आता ही सी पिन एवढी सगळीकडे कशी आली, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण खरेदी करताना उपयोगी पडतं. मी दुकान टाकलं तेव्हा भिंतीवर खिळे ठोकून चार्जर टांगलेले असत, कंपनीप्रमाणे वेगळा खिळा. एकाच कंपनीच्या दोन फोनांना बारीक पिन आणि जाड पिन. युरोपात तेव्हा तीसहून जास्त प्रकारचे चार्जर होते. २००९ साली तिथल्या युरोपीय आयोगाने कंपन्यांकडून राजीखुशीचा करार करून घेतला आणि मायक्रो पिन आली. राजीखुशीचा असल्यामुळे ज्यांना नको होतं त्यांनी पळवाट काढली; अॅपलने २०१२ साली आयफोन ५ बरोबर स्वतःची लाइटनिंग पिन आणली. सी पिनेचा आराखडा ठरला २०१४ साली. मग ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपच्या संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा मंजूर झाला : २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरा, हेडफोन, स्पीकर, कीबोर्ड वगैरेंना वायरीने चार्ज होत असतील तर सी पिनच. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. अॅपलने तारखेची वाट न बघता २०२३च्या आयफोन १५ पासून सी पिन दिली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्यांना बोलावून सी पिनेवर एकमत करून घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने सी पिनेचं मानक प्रसिद्ध केलं. तरी माझ्या घाऊक व्यापाऱ्याकडून अजून व्ही-एटवाल्या टॉर्च येतात. स्वस्त असतात, खपतात. तुम्ही घेऊ नका एवढंच. यापुढे घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी दीडशे रुपयांची टॉर्चसुद्धा, भोक बघून घ्या. सी नसेल तर दुकानात परत ठेवा.

भोक एक झालं तरी चार्जर एक झाले असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच आहेत.

डबीच्या पोटावर बारीक करड्या अक्षरांत मजकूर असतो. मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. डोळे ताणू नका. "इनपुट"ची ओळ सोडून द्या, "आउटपुट"ची वाचा. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॅट, ९ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १८ वॅट, २० व्होल्ट सव्वातीन अँपिअर म्हणजे ६५ वॅट. एकाच डबीवर तीन-चार जोड्या लिहिलेल्या असल्या तर ती शिकलेली डबी, समोरच्याला हवं ते देणारी. एकच जोडी असली तर तिला तेवढंच येतं. वॅटचा आकडा काढला की परमनंट मार्करने डबीवर मोठ्या देवनागरी आकड्यांत लिहून टाका. वैनींच्या घरी हे केल्यावर आजीसुद्धा "तो पासष्टवाला दे" म्हणायला लागल्या.

मोठ्या वॅटच्या डबीने छोटा फोन जळतो का, हे मला रोज कोणीतरी विचारतं. नाही जळत. सी ते सी वायर लावली की डबी आधी वीज सोडतच नाही. समोर खरंच कोणी आहे अशी खूण मिळाली की ५ व्होल्ट देते, मग दोघांची बोलणी होतात, आणि फोन मागेल तेवढंच पुढे वाढते. पंगतीतल्या आपल्या वाढप्यासारखं नव्हे. इथे आग्रह नाही. या बोलण्याच्या भाषेला पीडी म्हणतात, म्हणजे पॉवर डिलिव्हरी. २०२१च्या सुधारणेनंतर ती २४० वॅटपर्यंत जाते; त्याआधी १०० पर्यंत होती.

अडचण ही की काही फोन कंपन्यांची घरगुती बोली वेगळी. डबीवर ८० वॅट लिहिलेलं असतं, पण ते त्यांच्याच फोनाशी आणि त्यांच्याच वायरीने. दुसऱ्या कंपनीचा फोन लावला की दोघांना समजेल अशा जुजबी भाषेवर गाडी येते आणि चार्जिंग रांगतं. "चार्जर बिघडला" म्हणून माणूस माझ्याकडे येतो. बिघडलेलं काही नसतं. युरोपच्या नियमात याचाही विचार आहे : १५ वॅटच्या वर जाणाऱ्या उपकरणाला पीडी यायलाच हवं, वर स्वतःची बोली ठेवली तरी चालेल. म्हणून डबी विकत घेताना कंपनीचं नाव आणि आकडा यांच्याआधी "पीडी आहे का" विचारा, आणि जमलं तर "पीपीएस आहे का" तेही. पीपीएस म्हणजे पीडीचाच एक प्रकार, व्होल्टेज बारीक बारीक पायऱ्यांनी बदलणारा. पुष्कळ नवे फोन त्याच्यावर भरभर चार्ज होतात.

घराला एक ६५ वॅटची दोन भोकांची डबी घ्या, एक भोक सी आणि एक जुनं चौकोनी (यूएसबी-ए). लॅपटॉपही निघतो, दोन फोनही. मात्र दोन्ही भोकं वापरलीत की वॅट वाटले जातात. लॅपटॉप लावला असताना शेजारी फोन लावून "हळू का" विचारू नका. बाकी ठिकाणी २५ ते ३३ वॅटच्या साध्या डब्या पुरतात. आणि डबीवर भारतीय मानक ब्युरोचा आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. ब्युरोचं बीआयएस केअर नावाचं अॅप आहे, त्यात क्रमांक टाकला की तो खरा कुठल्या कंपनीचा ते दिसतं. मी स्वतः एकदा घाऊक मालाच्या खोक्यातले क्रमांक तपासले तर एक निघाला भलत्याच वस्तूचा. खोकं परत केलं, व्यापारी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

गोल पिनेच्या चार्जरांना मात्र बोलता येत नाही. राउटर, सेट-टॉप बॉक्स, जुने लॅपटॉप यांचे चार्जर जे लिहिलंय ते थेट ओततात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टची पिन बसते, छान बसते, आणि राउटर मरतो. यांना सुतळीने त्यांच्या उपकरणाचं नाव बांधून ठेवा. तसंच, एखाद्या दिव्याबरोबर किंवा फवारणीच्या पंपाबरोबर आलेला चार्जर, ज्याची वायर डबीलाच जोडलेली आहे, टोकाला सी पिन आहे आणि डबीवर फक्त १२ व्होल्ट लिहिलंय, तो फोनाला चुकूनही लावू नका. वेश बदललेली गोल पिनच ती.

आता वायरी. यात लोक सर्वांत जास्त फसतात, कारण सगळ्या सारख्या दिसतात. साधी सी ते सी वायर ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंत. त्याच्या वरचं हवं असेल तर वायरीच्या टोकात एक चिप असावी लागते, जी डबीला सांगते की मला ५ अँपिअर झेपतात. चिप नसेल तर डबी शहाणपणाने ६० वरच थांबते. म्हणून ६५ची डबी घेऊन लॅपटॉपला लावायची असेल तर वायरीवर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं बघून घ्या. फोनाला साधी पुरते. आणि फोटो लॅपटॉपवर काढायचे असतील तर "डाटा चालतो का" विचारा. काही वायरींत वीज वाहणाऱ्या तारांपलीकडे काही नसतंच.

यातली एक गंमत सांगतोच. एक खलाशी नेकबँडसाठी माझ्याकडून सी ते सी वायर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत : चार्ज होत नाही. दुसरी दिली. पुन्हा परत. तिसऱ्यांदा आला तेव्हा तोंडावर स्पष्ट दिसत होतं की हा मला चोर समजतोय. मी त्याच्यासमोर नेकबँड उघडला. सी पिनेच्या आत "मी इथे आहे" ही खूण देण्यासाठी दोन बारके रेझिस्टर लागतात, ५.१ किलो-ओहमचे, तांदळाच्या कणीहून लहान. बनवणाऱ्याने काही पैसे वाचवायला ते टाकलेच नव्हते. मग डबीला समोर कोणी दिसतच नाही, वीज कशाला सोडेल? जुन्या चौकोनी भोकाला मात्र हे कळत नाही, तिथे ५ व्होल्ट कायम हजर. चौकोनी ते सी वायर लावली, लाल दिवा लागला. नंतर मी ते दोन रेझिस्टर डकवून दिले. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, स्पीकर यांत हा घोळ सर्रास आहे. म्हणून कितीही नवं घर केलंत तरी चौकोनी ते सी अशी एक वायर ठेवा, आणि डबी घेताना एक चौकोनी भोक का म्हटलं तेही आता कळलं असेल.

उरलेल्या व्ही-एट उपकरणांसाठी सी वायरीच्या टोकाला बसणारी छोटी टोपी मिळते. एकच टोपी, तीही दोऱ्याने वायरीला बांधून. टोपीवर टोपी लावून लांब शेपटी करू नका, सैल सांध्यात गरम होतं.

इथवरचं पुण्यातल्या माणसालाही चालेल. यापुढचं आपलं, किनाऱ्यावरचं.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की मी दुकानातून बघत असतो : ओल्या हाताने फोन, खारा वारा, वाळू, आणि घरी गेल्याबरोबर तोच फोन चार्जिंगला. मीठ आणि ओल एकत्र असताना ५ व्होल्ट सोडले की पिनेचा धातू खाल्ला जातो. आधी वीज वाहणारी पिन काळी पडते, मग हिरवट. मायक्रोस्कोपखाली दाखवलं की गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, काल तर चांगला होता." काल नव्हता, महिनाभर कुजत होता. फोनने ओल असल्याची सूचना दिली तर ती बंद करून चार्ज करायची घाई करू नका. फोन बंद करा, भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पंख्यासमोर काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ ओल ओढतो हा समज. त्याचा भुसा आत जाऊन चिकटतो तो मला काढावा लागतो. समुद्रात पडलेला फोन असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

पिन "कट्" आवाज करून बसत नसेल, वायर थोडी बाहेरच राहत असेल, तर बहुतेक वेळा जॅक (फोनातलं चार्जिंगचं भोक) गेलेला नसतो; आत खिशातला कापूस आणि वाळू दाबून बसलेली असते. फोन बंद करा, लाकडी दातकोरणी चपटी तासून घ्या, कडेकडेने अलगद खरवडा. टाचणी आणि सुई नको. सी पिनेच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते, ती वाकली की खरंच जॅक बदलावा लागतो. मग मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकदा फिरवा, पूर्ण वाळू द्या. पिन सैल वाटली तर आधी दुसरी वायर लावून बघा : पकडून ठेवणाऱ्या स्प्रिंगा वायरीच्या टोकात असतात, फोनात नाही, म्हणून आधी वायर झिजते. एवढं करून माझ्याकडे आलात तर जॅक बदलायचे तीनशे घेतो. नुसता कापूस निघाला तर चहा पाजा.

होड्यांवरचं थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा ही कामं करून घ्या. बॅटरीच्या तारा उघड्या करून थेट चार्जरला पीळ देणं बंद करा. इंजिन चालू होताना व्होल्टेज उडी मारतं. "१२ ते २४ व्होल्ट" लिहिलेलं पीडीचं कार सॉकेट घ्या, झाकणाचं, मध्ये फ्यूज टाकून केबिनच्या आत, पाणी उडणार नाही तिथे बसवा. नाखव्यापासून सगळ्यांना एकच वायर चालते, हा फायदा खोल पाण्यात गेल्यावर समजतो.

मला तो निसर्ग वादळात समजला. ३ जून २०२०. दुकानाचे पत्रे शेजारच्या माडाच्या बुंध्याशी सापडले. वीज किती दिवस नव्हती ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. एकाने जनरेटर लावला होता, संध्याकाळी दोन तास. तिथे मी बोर्ड मांडून बसायचो. मुंबईला असलेल्या पोरांना "आम्ही आहोत" एवढं कळवायला माणसं तीन तीन किलोमीटर चालत यायची. प्लग सहा, डिझेल मोजकं. आणि फोन हातात असून चार्ज करता येत नव्हता अशी कितीतरी माणसं, कारण चार्जर घराच्या कौलांखाली आणि माझ्याकडे त्या पिनेची वायर नाही. एका काकींचा फोन बारीक पिनेचा होता. आख्ख्या बंदरावर विचारलं, तिसऱ्या दिवशी पिन मिळाली. तेव्हापासून कोणी "कशाला सगळं सारखं हवं, कंपन्यांना मोकळं सोडा" म्हणालं की मी जनरेटरचा विषय काढतो.

म्हणून एक पीडीची पॉवर बँक घरात भरून ठेवा, जी सी पिनेनेच भरते आणि सी पिनेनेच देते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तपासा. वीज कडाडायला लागली की डब्या प्लगमधून काढा. आपल्याकडच्या तारांवर विश्वास ठेवू नका.

आता टाकायचं काय. ज्याची वायर गळ्याशी फाटली आहे, जी डबी हाताला चटका देते, जिच्यातून करकर आवाज येतो, जिच्या पिना काळ्या आहेत, ते सगळं. ते पालापाचोळ्याबरोबर जाळू नका आणि खाडीत तर नाहीच. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. वाडीतून कोण एकेक डबी घेऊन जाणार? मी दुकानात गोणी ठेवली आहे, माल आणायला जाताना नेतो. तुमच्या दुकानदारालाही गोणी ठेवायला सांगा.

वैनींच्या तेवीस नगांतले पंधरा त्या गोणीत गेले. ओटीवर ६५ची डबी, माजघरात दोन साध्या. चार सी वायरी, त्यातली एक चौकोनी टोकाची, तिलाच व्ही-एटची टोपी बांधलेली. पाचवी पुतण्याच्या आयफोनची, तो फोन बदलेपर्यंत. राउटरच्या चार्जरला सुतळी. यातल्या काही वायरी सोयऱ्यांना वापरायला दिल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत.

आजोबांनी बारीक पिनेचा चार्जर मात्र हातातून सोडला नाही. मी म्हटलं, "तात्या, सीवाला कीपॅड फोन मिळतो आता." ते म्हणाले, "हा सोमवारी लावला की गुरुवारपर्यंत चालतो. तुझा सीवाला चालतो का?" तो चार्जर देवघराशेजारच्या खिळ्यावर आहे. तो मोजला नाही.